तिसऱ्या वर्गात पास

प्रांताच्या परीक्षेचा निकाल नागपूरहून यायचा तो भर उन्हाळ्यात, शाळेला सुटी असताना. मराठी सातवीची ही परीक्षा सगळ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात एकाच दिवशी, एकाच छापील पेपरावर व्हायची. अमरावतीच्या मुलीला जो प्रश्न, तोच अकोल्याच्या आणि चांदूर रेल्वेच्या मुलीला. त्यामुळे तिचा दरारा मोठा होता. मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि राजापेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. निकाल लागला की माझ्या ओसरीचा दवाखाना व्हायचा. हातात मार्कांची चिठ्ठी घेऊन आई-बाप यायचे आणि म्हणायचे, "बाई, हे काय लिवलं हाय ते सांगा."

मी सांगायची. पण सांगून भागत नसे. शेजारचे पिंजारी चाचा गाद्या भरायचे, त्यांची मुलगी आमच्याच शाळेत होती. तिला भूगोलात शंभरातले निम्मे मिळाले. चाचांनी चिठ्ठी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "बाई, बाकीचे निम्मे कोनी काटले? लेकरू पूरा पेपर लिहून आलं होतं." मी म्हटलं, कोणी कापले नाहीत, मिळालेच नाहीत. ते म्हणाले, "वही तो! काहून नाही मिळाले? दुकानात इतकी कटौती कोनी करत नाही." शेवटी मी हात टेकले. चाचा जाताना मलाच धीर देऊन गेले, की तुम्ही नवीन आहात, पुढच्या साली घासाघीस करायला शिकाल.

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. शाळेत मी पुस्तकातली भाषा बोलत असे, पण एकदा डोकं फिरलं की ती भाषा पळून जायची आणि माहेरची, अकोल्याची बोली तोंडातून बाहेर पडायची. पालकांना ते आवडायचं. बाई रागावल्या म्हणजे आपल्या झाल्या, असं ते समजत. आणि खरं सांगू? मलाही ते दिवस फार आवडायचे. दुपारची झळ ओसरली की ओसरीवर पाणी शिंपडायचं, माठ भरून ठेवायचा आणि एकेकाला समजावत बसायचं. एखाद्या आईला आपल्या मुलीचे मार्क उमगले की तिचा चेहरा असा काही उजळायचा की माझा दिवस सार्थकी लागायचा.

त्या वर्षी आमच्या वर्गात एका माळ्याची मुलगी होती. नाल्याकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. बाप पिकवायचा, आई इतवाऱ्याच्या बाजारात बसून विकायची. पोरगी तोंडी हिशेबात इतकी तयार की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असे. त्यांच्या गल्लीतली सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. पास झाली की मास्तरणींच्या ट्रेनिंगच्या शाळेत जायचं, दोन वर्षांनी मास्तरीण व्हायचं, असं तिच्या बापाने माझ्यासमोर कबूल केलं होतं. नाही झाली तर नांदगाव खंडेश्वरचं स्थळ होतंच. मुलगा चांगला होता, शेत होतं, घाई मुलाकडच्यांनाच होती. पोरगी मात्र ट्रेनिंगच्या नावाने झुरत होती. माझ्या टेबलावरचा खडू उचलून ती रिकाम्या वर्गाला शिकवायची, हे मी दाराआडून कितीदा तरी पाहिलं होतं.

निकाल आला. तिचा नंबर तिसऱ्या वर्गात होता. हिशेबात उत्तम, भाषेत बरी, पण इतिहास आणि भूगोल कसाबसा काठावर. मला नवल वाटलं नाही. हिवाळ्यात मेथी-सांभाराचा बहर असतो, कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, आणि त्या बहरात आईच्या मदतीला ही दोन महिने बाजारात बसली होती. सगळ्या नद्या आणि सगळे बादशहा तेवढ्यात शिकवून झाले होते.

संध्याकाळी तिचा बाप ओसरीवर आला. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. मी चिठ्ठी वाचून दाखवली आणि म्हटलं, "तिसऱ्या वर्गात पास."

त्याने माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"तिसऱ्या?"

"हो, तिसऱ्या. पहिला, दुसरा, तिसरा, असे तीन वर्ग करतात."

"तीनच करतात?"

"तीनच."

"बरं," तो म्हणाला. गुळाचा खडा मी पुढे केला तो त्याने घेतला, पण तोंडात टाकला नाही. रुमालाच्या टोकाला बांधला आणि राम राम करून निघून गेला. मला वाटलं, हा समजूतदार माणूस. बाकीच्यांसारखे फाटे फोडले नाहीत.

ट्रेनिंगच्या शाळेचा अर्ज भरायला पोरगी दुसऱ्या दिवशी यायची होती. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्याही दिवशी नाही. आमच्या शाळेत घरोघर फिरून मुलींना बोलावून आणणारी एक म्हातारी बाई होती. तिला गावातल्या प्रत्येक चुलीवर काय शिजतंय ते ठाऊक असे. तिला मी पाठवलं. ती हात हलवत परत आली.

"नाई धाडत बाई ते. नांदगावचे पाव्हने सोमवारी येऊन राहिले, सुपारी फोडाले."

"अगं, पण पोरगी पास झाली आहे!"

"त्यायले म्हना," म्हातारी म्हणाली आणि पायातला काटा काढायला बसली.

अर्ज शनिवारपर्यंत पोचायला हवा होता. त्या दिवशी गुरुवार. माझं डोकं असं तापलं की छत्री घ्यायचंही भान राहिलं नाही. तशीच भर उन्हात नाल्याकाठी गेले.

मळ्यात कडुलिंबाखाली तो माणूस वांगी निवडत बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची तयारी. बायको पलीकडे गवारीच्या शेंगांचे देठ खुडत होती. मला पाहून त्याने पोतं झटकून पसरलं आणि बसा म्हणाला. मी बसले नाही.

"काहून धाडत नाही तुमी पोरीले?" मी एकदम अकोल्यावर आले. "कबूल केलं होतं का नाही माझ्यासमोर? पास झाली तर शिकवीन म्हनून?"

"केलं होतं बाई. पण पोट्टी तिसऱ्यात गेली."

"मंग?"

त्याने हात पुढे करून समोरची वांगी दाखवली. तीन ढीग होते. पहिल्यात चकचकीत, एकसारखी वांगी, काटेरी हिरव्या देठांची. "हा पयला ढीग. हा कॅम्पात जाते, साहेब लोकायच्या बंगल्यावर. हा दुसरा, हा इतवाऱ्यात इकाले." मग त्याने तिसऱ्याकडे बोट केलं. वाकडी, डागाळलेली, कीड लागलेली वांगी होती ती. "अन् हा तिसरा. हा आमी इकत नाही. हा म्हशीपुढं जाते. बाप-दादापासून आमच्या घरात तिसऱ्या ढिगातलं एक वांगं बी कोनाच्या पदरात पडलं नाही, इचारा बाजारात."

हे खरं होतं. बाजारात त्याच्या मालात हात घालून कोणी तपासत नसे. त्याच्या बायकोने टोपलीत टाकलं की गिऱ्हाईक डोळे मिटून घेऊन जाई.

"बाई, ते तीनच ढीग करतात म्हनले तुमी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाज होती. "माही पोरगी तिसऱ्यात निघाली. मंग मी तिले मास्तरीन करून लोकायच्या लेकरायपुढं कसं उभं करू? वांगं द्याची लाज वाटते मले, अन् मास्तरीन देऊ?"

मला वाटलं होतं हा कंजूस असेल, जुन्या वळणाचा असेल, नांदगावच्या शेतावर डोळा असेल. इथे तर हा माणूस गावातल्या सगळ्या पोरांची काळजी करून आपल्याच पोरीला मागे ओढत होता. आणि एवढं सगळं त्याने माझ्याच एका शब्दावरून ठरवलं होतं.

मी खाली बसले. त्याला नीट सांगायला लागले. म्हटलं, परीक्षेचे ढीग असे नसतात. नापास झालेल्या मुलींचे नंबर निकालाच्या कागदावर छापलेच जात नाहीत. कीड लागलेला माल आधीच बाजूला काढून टाकतात. जे राहतं त्याचे तीन ढीग. तिसरा वर्गही सरकारने पसंत केलेलाच.

"मंग सरकारले चार ढीग करा लागत होते," तो म्हणाला.

"करतेच ना! चौथा दाखवत नाही."

"दाखवत काहून नाही? लपवते काय माल?"

घ्या! पिंजारी चाचांची आठवण झाली मला. मी पुन्हा सुरुवात केली. हिशेबाचे मार्क सांगितले. ते ऐकून तो खूश झाला. इतिहासाचे सांगितले, पुन्हा चेहरा पडला. म्हणाला, एका वांग्याला एका बाजूने कीड असली तर ते पहिल्या ढिगात ठेवता येत नाही. तेव्हा मात्र माझा तोल गेला.

"कीड कोनी लावली? तुमीच ना! साऱ्या हिवाळ्यात पोरीले बाजारात बसवलं सांभार इकाले. मी शिकवून राहिली होती तवा ते वर्गात होती कुठं? बादशहा काय इतवाऱ्यात येते तिले भेटाले?"

बापाने मान खाली घातली. पण मान खाली घालून तो वांगी निवडायलाच लागला. त्याच्यापुरता निकाल लागून गेला होता. खोपटाच्या दारामागे पोरीच्या परकराचं टोक दिसत होतं, ती आतून सगळं ऐकत होती. मला रडू आलं. शपथेवर सांगते, इतक्या वर्षांच्या नोकरीत पालकासमोर रडू आलं ते त्याच दिवशी. माझी सगळी हुशारी तीन ढिगांपुढे संपली होती.

तोवर तिची आई एक शब्द बोलली नव्हती. ती गवारीवरून उठली, पदराने हात पुसत आली आणि तिसऱ्या ढिगापाशी उभी राहिली.

"म्हशीपुढं जाते म्हनता?" ती नवऱ्याला म्हणाली. "कवा पायलं तुमी म्हशीले वांगं खाताना?"

"मी निवडून ठेवतो ना..."

"तुमी निवडून ठेवता अन् झोपाले जाता. म्हशीले देठं जातात. वांगे मी चिरतो, किडका भाग काढून टाकतो, अन् रांधतो." तिचा आवाज चढला. "या घरात आलो तवापासून तिसऱ्या ढिगाचीच भाजी खाऊन राहिले तुमी. पयला ढीग साहेबानं खाल्ला, दुसरा गावानं खाल्ला. आपल्या चुलीवर कवा चढला तो? तुमी बोटं चाटून खाता ते तिसराच हाय. ही पोरगी त्याच्यावरच एवढी झाली."

त्याने हातातलं वांगं खाली ठेवलं.

"सांगितलं काहून नाही मले?"

"काय सांगू? दुपारी दुसरी भाकर मागून घेतली तुमी. वंगाळ लागलं होतं का?"

मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी होतं तरी फुटलं. तो हसला नाही. तिसऱ्या ढिगातलं एक वाकडं वांगं त्याने हातात घेतलं, डाग असलेल्या ठिकाणी अंगठा दाबून पाहिला. मग बायकोकडे पाहिलं. ती कमरेवर हात देऊन उभीच होती, हलायला तयार नव्हती.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "अर्जावर माहा अंगठा लागन का?"

"लागन," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"अन् नांदगावच्याले काय सांगू?"

"ते मी पायतो," आई म्हणाली.

दारामागे धाडकन काहीतरी पडलं, पाण्याची घागर असावी, आणि त्यापाठोपाठ पोरीचा हुंदका ऐकू आला. आई तरातरा आत गेली. आता पोरीला जवळ घेईल असं मला वाटलं. पण ती माउली दारातूनच तिच्यावर ओरडली.

"रडून काहून राहिली वं? पास झाली ना तू!"

निकाल लागून चार दिवस झाले होते, आणि त्या घरात त्या पोरीला हे कोणी पहिल्यांदाच सांगत होतं.