नऊ युनिटांची खोली

माझ्या भाचीचा कुणावर म्हणून विश्वास नाही, आणि हे वळण तिला मीच लावलं, असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे! बहिणीनं जन्मभर सगळ्यांवर विश्वास ठेवला. आज तिच्या नावावर काय आहे? एक कपाट, तेही दार न लागणारं.

भाची विजेची मीटरं वाचते. पाठीला सॅक, हातात ते छोटं यंत्र, गळ्यात ओळखपत्र. सहा वर्षं जिने चढून-उतरून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. ऑफिसात तिला शंकासुर म्हणतात. राहते माझ्याकडे, आणि डोक्यात एकच खूळ: पंचविसावं लागायच्या आत एक खोली विकत घ्यायची आणि भाड्यानं द्यायची.

"राहायला नको गं मावशी, राहायला तू आहेसच. भाड्यातून कर्जाचे हप्ते जातील. ती फिटली की दुसरी."

त्यासाठी पोरीनं हौस अशी केली नाही. चपलेचा एकच पट्टा तीनदा शिवून घेतला.

मग आला एजंट. एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानानं आपल्याशी बोलणारा. म्हणाला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, आठ वर्षांपासूनचा भाडेकरू आत आहे, भाडं दर एक तारखेला न मागता हातात. किंमत मात्र शेजारच्या खोल्यांपेक्षा पाव हिश्श्यानं कमी.

"एवढी स्वस्त का?" मी विचारलं.

"मालकांना घाई आहे हो, परगावी जायचंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. बघायला गेलो तर दाराला कुलूप. एजंट म्हणे, भाडेकरू बाहेर गेलाय, खालची खोली बघा, हुबेहूब तशीच आहे. वा रे वा! उद्या बूट घ्यायला गेले तर शेजारच्याचा पाय बघून घेऊ का? भाडेकराराची प्रत दाखवली, तर सहीच्या जागी अंगठा.

रस्त्यावर आल्यावर भाचीनं माझा दंड धरला.

"मावशी, हा जिना माझ्या फेरीतला आहे. त्या दाराशेजारचं मीटर दोन वर्षं मीच वाचतेय. नऊ युनिट. आठ. परत नऊ. माणूस राहतो त्या घराचं मीटर असं नसतं. त्या खोलीत कुणी राहतच नाही. भाडेकरू नुसता कागदावर आहे."

म्हणजे खोली गळ्यात मारायची, आणि पुढच्या महिन्यापासून ना भाडेकरू ना भाडं. हप्ते मात्र पोरीच्या पगारातून. सहा वर्षांचे जिने पाण्यात!

विसार सोमवारी द्यायचा होता. रविवारी सकाळी आम्ही दोघी एजंटला न सांगता तिथे गेलो. जिन्याला खिडकी नाही, भर दिवसा काळोख. भाची टॉर्च घेऊन पुढे, मी कठडा धरून मागे. शेवटची पायरी फुटलेली. भाची नेहमीप्रमाणे तिथे अडखळली. दार वाजवायला हात उचलला, तोच आतून आवाज आला.

"आज सहा तारीख नाही. आज काय वाचायला आलीस?"

दार उघडलं. पन्नाशीची बाई, खांद्यावर वेताच्या ओल्या पट्ट्या. मागे खोलीत अंधार, आणि त्या अंधारात अर्धी विणलेली खुर्ची. बाई आमच्याकडे तोंड करून उभी होती, पण नजर आमच्या डोक्यांवरून कुठेतरी भलतीकडेच.

"तुम्हाला दिसत नाही?" भाचीच्या तोंडून निघून गेलं.

"लहानपणापासून. पण तुला ओळखते मी. महिन्याच्या सहा तारखेला येतेस, शेवटच्या पायरीवर ठेचकाळतेस, मीटरपाशी दम खातेस आणि जातेस. चपलेचा पट्टा सैल आहे तुझ्या, नवी घे."

भाची दाराबाहेरच्या त्या मीटरकडे बघत राहिली. पंखा आणि रेडिओ, झाली नऊ युनिटं. दिवे लावायचे कुणासाठी?

मी मात्र अशी विरघळणारी नव्हे. एजंटनं शिकवून उभी केलेली असली तर? मी हळूच तिच्यासमोर जीभ बाहेर काढली. काही नाही. मग डोळे वटारले, हात नाचवले.

"मावशी, पुरे!" भाची ओरडली.

"काय करतायत त्या?" बाईनं विचारलं. भाचीनं सांगितलं. बाई अशी हसली की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

एजंटला तिथूनच फोन लावून फैलावर घेतलं. तेव्हा त्यानं कबूल केलं. आंधळी बाई आत आहे म्हटलं की गिऱ्हाईक पळतं. तिला काढायची लाज वाटते आणि ठेवायची भीती. म्हणून ती खुर्च्या पोचवायला बाहेर पडली की गिऱ्हाईक आणायचं आणि खालची खोली दाखवायची.

बाई ऐकत होती. तिचं हसू मावळलं. हातातली वेताची पट्टी उगीचच पिळत म्हणाली, "तू घेतलीस तर मला काढणार का?"

सगळी पुंजी भाचीची होती, आणि हे दार त्या बाईचं होतं. मग भाची म्हणाली, "भाडं वेळेवर आलं तर का काढू?"

"तोंडी नको. लिहून दे."

"अहो, तुम्ही वाचणार कशा?" मी फणकारले.

"मला नाही वाचायचं. पुढे कधी हिला वाचायला लावता यावं, म्हणून."

भाचीनं तिथेच सॅकवर कागद ठेवून लिहिलं. बाईनं दोनदा वाचून घेतलं, मग शेजारणीला बोलावून तिच्याकडून तिसऱ्यांदा. एक शब्द इकडचा तिकडे झालाय का, तेही विचारलं. भाचीचा चेहरा असा खुलला होता, जणू शेवटी आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं! सोमवारी तिनं विसार दिला. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला खोली तिच्या नावावर झाली.

त्यानंतरच्या सहा तारखेला तिचा मला फोन. आवाज कापत होता.

"मावशी, एक्कावन्न युनिटं!"

"बघ! सांगत होते ना, पाणी मुरतंय! पोटभाडेकरू भरले असणार. थांब, आलेच."

तरातरा गेले. जिन्याच्या वळणावर पोचले आणि थबकले. मला पायऱ्या दिसत होत्या. बाईच्या दारावर एक जुना पिवळा बल्ब जळत होता, आणि फुटक्या पायरीवर फळी ठोकलेली होती. भाची खाली मान घालून उभी, टॉर्च हातात तसाच बंद.

बाई दारात होती. "महिनाभर बंदच केला नाही. आता मालकीण झालीस, सहा तारीख थोडीच पाळणार? कधीही तपासायला येशील. म्हटलं, पडायला नको."

भाचीनं नाक ओढलं. "काकू, ह्या बल्बचं बिल दर महिन्याला मी भरेन."

बाईच्या कपाळावर आठी आली. "का गं? भाडं वाढवायचंय?"

"नाही हो."

"मग लिहून दे," बाई म्हणाली, आणि शेजारणीला हाक मारली.