टॉवरला बांधलेल्या ताट्या

"हुसेन, उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. हुसेनचाचा माझ्या आधीपासून गिरणीत इंजिनड्रायव्हर होते. अशा माणसाला असं हाकलायचं?

भोरच्या त्या भातगिरणीत मी फिटर होतो. आठवडाभर इंजिन तापून बंद पडत होतं. साहेबांचं म्हणणं, चाचा पाण्याचा व्हॉल्व्ह पुरता उघडत नाहीत.

"पुरा उघडलाय, सायेब," चाचा म्हणाले. "पर टाकीतनंच पानी गरम येतंय. हात तर लावून बघा."

साहेबांनी हात लावला नाही. त्यासाठी खुर्ची सोडावी लागली असती.

"मला आजचा दिवस द्या," मी म्हणालो. "चूक चाचांची निघाली तर मीही घरी जातो."

"संध्याकाळपर्यंत बघ."

इंजिनात तापलेलं पाणी पंपाने कूलिंग टॉवरवर चढायचं. टॉवर म्हणजे अंगणातला लाकडी मनोरा, आत आडव्या पट्ट्यांचे थर. पाणी पट्ट्यांवरून ठिबकत उतरतं, त्याला आडवा वारा लागतो. थोडं वाफ होऊन जातं, उरलेलं निवून खालच्या टाकीत पडतं आणि परत इंजिनात जातं.

थर्मामीटर लावला. वर चढणारं आणि खाली पडणारं पाणी जवळजवळ सारखंच गरम! म्हणजे दुखणं टॉवरचं होतं. वर पाणी वाटणाऱ्या पन्हळीची भोकं साफ होती. पट्ट्यांवरचं शेवाळ खरवडलं, तरी फरक नाही. शिडीवरून उतरताना वाऱ्याने माझी टोपी उडाली. ती उचलून टॉवरच्या आत शिरलो, तर तिथं धोतराचा सोगाही हलेना. पश्चिमेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

त्या बाजूला वरपासून खालपर्यंत कारवीच्या काड्यांच्या नव्या ताट्या वारा अडवून उभ्या होत्या.

साहेब मूळचे वेल्ह्याकडचे. आमच्या डोंगरभागात पावसाआधी घराच्या पश्चिम अंगाला ताट्या बांधतात, भिंतीला झड लागू नये म्हणून. साहेबांनी गिरणीच्या भिंतींबरोबर टॉवरलाही बांधून घेतल्या होत्या. लाकूड कुजेल म्हणे! ज्याचं कामच दिवसभर भिजायचं, त्याला पावसापासून जपायचं! आणि मी तरी कुठला शहाणा? कामथडीच्या माझ्या घरालाही तशाच ताट्या. रोज टॉवरसमोरून जात होतो, एकदाही खटकल्या नाहीत.

विळ्याने सगळे बंध कापले. चाचा धावत आले.

"आरं, सायबाला इचारलंस का?"

"न्हाई. तुमी इंजिन चालू करा."

संध्याकाळपर्यंत इंजिन एकदाही तापलं नाही. साहेबांनी ते पाहिलं आणि मालकांसाठी रिपोर्ट लिहिला: 'ड्रायव्हरला समज दिल्यावर इंजिन सुधारले.'

"सही कर," ते मला म्हणाले.

"आधी ताट्या कुणी बांधायला लावल्या ते लिहा. मग करतो."

साहेबांनी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी चाचा कामावर आले. साहेबांनी त्यांना परत पाठवलं नाही. माफी मात्र मागितली नाही.

तेव्हापासून कुठंही इंजिन तापलं की मी आधी विचारतो, अलीकडे इथं नवीन काय बांधलं? ड्रायव्हरची पाळी सगळ्यात शेवटी.