मगरीचं दुसरं नाटक

जयसिंगराव लांभाते यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होळकरांच्या फौजेची नोकरी. ते स्वतःही घोडदळात होते. संस्थान मध्य भारतात विलीन झालं, फौज मोडली, आणि ते एका कापडगिरणीच्या फाटकावर जमादार झाले. धिप्पाड शरीर, झुपकेदार मिशा, पण स्वभाव असा मऊ की उशिरा आलेल्या कामगारालाही भावासारखं म्हणायचे, "भिया, घरून जरा लवकर निघत जा ना."

ते राहायचे त्या स्नेहलतागंज वस्तीच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या कुमुदिनीबाईंनी एका वर्षी 'तलावाचा धनी' लिहिलं. तलाव बुजवायला निघालेल्या ठेकेदाराला मगर गिळते, अशी गोष्ट. बांबू, गोणपाट आणि कागदाच्या लगद्याचं ते धूड अंगावर घेऊन सरपटायला ताकदीचा माणूस हवा होता. जयसिंगराव आयतेच सापडले.

बाईंनी शेवटपर्यंत मगर दाखवलीच नाही. पाणी खळखळायचं, कंदील विझायचा, घाटावर कुणाची तरी एकच चप्पल उरायची. अखेर ती जबडा वासून बाहेर आली तेव्हा मांडवात किंकाळ्या उठल्या. पुढच्या रांगेतल्या गंगूबाई, म्हणजे जयसिंगरावांच्या पत्नी, चक्कर येऊन पडल्या.

नाटक गाजलं, पण घरात पंचाईत झाली. जयसिंगराव न्हाणीघरातून ओल्या अंगाने बाहेर आले की गंगूबाई दचकायच्या. ते जांभई द्यायला लागले की स्वयंपाकघरात पळायच्या.

"अगं, मीच होतो ना आत!"

"ठाऊक आहे हो. पण डोळ्यांसमोरून जात नाही, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या वर्षी मंडळाचे चिटणीस दत्तोपंत घरी आले. "जयसिंगरावजी, पब्लिकला वही मगर चाहिए. नाही म्हणू नका."

"होतो मगर. पण या खेपेला लोक हसले पाहिजेत."

कुमुदिनीबाईंना हे मुळीच पटेना. "माझ्या मगरीचा विदूषक करू?"

"बाई, माझी बायको मला भिते. तेवढं मिटवा कसंही करून."

बाईंना हसू आवरेना. कुरकुरत का होईना, त्यांनी 'तलावाचा धनी परत आला' लिहिलं. ठेकेदार खाल्ल्यामुळे मगरीला अपचन झालंय आणि ती गळ्यात मफलर गुंडाळून वैद्यांकडे आली आहे.

सुरुवात पार फसली. पडदा उघडताच भर उजेडात सगळी मगर दिसली. घाबरायला आलेले लोक गप्प बसून राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "ये क्या है, भिया?" तेवढ्यात शेपटी खिळ्याला अडकली आणि तुटून मागे पडली. जयसिंगरावांना पत्ताच नाही. ते तसेच पुढे सरपटत राहिले.

न राहवून गंगूबाई उभ्या राहिल्या. "अहो, शेपटी! शेपटी पडली तुमची!"

मगरीने सावकाश मान वळवली. "राहू दे गं. घरी गेल्यावर टाके घालून दे."

मांडव हास्याने कोसळायचाच काय तो बाकी राहिला. गंगूबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. त्यानंतर वैद्य आणि मगर दोघेही ऐनवेळी सुचेल ते बोलत सुटले, आणि बाई विंगेत कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

पुढे कित्येक दिवस चहाच्या हॉटेलात वाद रंगला. दत्तोपंत म्हणत, "पहिल्यात गोष्ट होती. दुसऱ्यात नुसते चुटके, आणि शेवटाचा पत्ता नाही." इतरांना दुसरंच आवडलं होतं. शेवटी जयसिंगरावांना विचारलं.

"पहिलंच चांगलं," ते म्हणाले. "शंकाच नको. त्याची भीती अजून टिकून आहे. दुसऱ्यातलं मलासुद्धा आता निम्मं आठवत नाही."

"मग हट्ट कशाला धरलात?"

"ही हसली ना, भिया."

कुमुदिनीबाईंनी मगरीचं तिसरं नाटक लिहायला साफ नकार दिला. त्यांच्या कानात गंगूबाईंचा तो खणखणीत आवाज बसला होता. पुढच्या वर्षीच्या नाटकात त्यांनी गंगूबाईंना खाष्ट घरमालकिणीचं काम दिलं. जन्मात कधी रंगमंचावर पाऊल न ठेवलेल्या गंगूबाई भाडेकरूंवर अशा कडाडल्या की पुढची रांग सावरून बसली. जयसिंगराव त्या रांगेत मधोमध होते आणि सर्वांत आधी टाळ्या तेच वाजवत होते.