अकरा नंबरचा फ्रिज

“बाई, हे आकडे तुम्ही घरी बसून लिहिले,” सर फोनवर म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

माझं काम मीटर पाहण्याचं. धरणामुळे उठून नव्या जागी वसलेलं आमचं गाव. त्यातली वीस घरं, दिवसातून तीन वेळा. शिक्षण चौथी, पण आकडा चुकत नाही. सर नागपूरला ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरून मॉडेल बनवतात. मॉडेल म्हणजे घराची सवय. मागे कोणत्या वेळी किती वीज लागली ते पाहून उद्याचा अंदाज करायचा.

काही घरं त्या अंदाजात नीट बसत नव्हती, अकरा नंबरचं तर मुळीच नाही. मीटर दोन दिवस पळायचं, मग तीन दिवस जेमतेम हलायचं. घराच्या माहितीच्या फॉर्मवर मात्र ‘फ्रिज आहे’ असं लिहिलेलं.

“फ्रिज चोवीस तास चालतो, बाई. लोड एकदम खाली कसा येतो?” लोड म्हणजे घर किती वीज ओढतं ते.

“सर, ते जाळं...”

“जाळं-बिळं सोडा. मी परवा येतो. आकडे खोटे निघाले तर काम दुसऱ्या बाईला देईन.”

फोन ठेवल्यावर मला सगळी उत्तरं सुचली. नेहमीचंच आहे. कोणी आवाज चढवला की माझी जीभ टाळूला चिकटते. मग राग भांड्यांवर निघतो. भर उन्हात दारोदार फिरून लिहिलेली वही, आणि म्हणे खोटी!

सर आले. मी त्यांना थेट अकरा नंबरला नेलं. तिथे कौशल्याकाकू राहतात. त्यांचा नवरा धरणात मासे धरतो.

“काकू, साहेबाले फ्रिज दाखवा.”

“काहून? थंड पाणी पायजे का? आज नाही जी. आज जाळं आहे आतमंधी.”

सरांनी दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. कप्पे काढलेले, आणि निळं नायलॉनचं जाळं वरपर्यंत कोंबलेलं.

“फ्रिजमध्ये जाळं?”

“मंग उंदराच्या तोंडात देऊ का? मागच्या साली सारं कातरलं त्यायनं. जाळं पाण्यात गेलं का फ्रिज सुरू, मासे ठेवाले. जाळं घरी आलं का बंद. साऱ्या गावाले माहीत आहे, तुमालेच कसं नाही?”

सर माझ्याकडे वळले. “हे वहीत का नाही लिहिलं?”

“तुम्हीच म्हणाले होते, फक्त आकडे लिहा.” तेवढं एक वाक्य तोंडून धड निघालं.

“असे आणखी किती फ्रिज आहेत?”

“चार.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “आणि जाळं कधी बाहेर निघणार, हे आधी कसं कळेल?”

“आमालेच कुठं कळते?” काकू म्हणाल्या. “मालक वारा पाहून ठरवते.”

सरांनी माफी मागितली नाही. माझं काम मात्र राहिलं. वहीत एक रकाना वाढला: जाळं घरी की पाण्यात. तो भरायला मीच.

पुढे नवे फॉर्म छापून आले. त्यावर पुन्हा तेच, ‘फ्रिज आहे का?’ मी ‘आहे’ लिहिते आणि दार उघडून पाहते.