आधी तू खा

चंपतरावांचा माणसांवर विश्वास नव्हता आणि मालावर तर त्याहून नव्हता. नार्नूरला किराण्याचं दुकान चालवायचं तर तसंच असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हळद आली की चिमूटभर पाण्यात टाकून बघायची, तिखट तळहातावर चोळायचं, चहापत्ती ओल्या कागदावर पसरायची. आदिलाबादचा गूळवाला जुन्या ओळखीचा, तरी ढेपेचा तुकडा जिभेवर ठेवल्याशिवाय माल उतरवून घेत नसत. मान तुकवत ती फक्त एका गोष्टीपुढे, सीलबंद पाकिटापुढे. "याले कोनाचा हात नाय लागत," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, जणू माणसाचा हात म्हणजे मोठा आजार.

असा माणूस सुनेवर संशय घेऊ लागला तेव्हा घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

उन्हाळ्यात त्यांची दाढ काढली होती. ती जखम बरी झाली, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवले की पोट ढोलासारखं फुगे. कधी दिवसभर परसाकडच्या चकरा, कधी काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे मन उतरलं. सकाळी उठल्या उठल्या उगाच रडू येई, मग त्या रडण्याचाच राग येई आणि तो राग दिसेल त्याच्यावर निघे. गल्ल्यावर बसवत नसे. हा आपला स्वभाव नाही, हे कुणीतरी आपल्याला केलंय, एवढं त्यांच्या मनानं घेतलं आणि ते 'कुणीतरी' शोधायला लागले.

फार लांब जावं लागलं नाही. बायको प्रयागबाईंची बोटं संधिवातानं आखडली होती आणि चूल सून हर्षालीच्या हाती गेली होती. पोर किनवटकडची, कमी बोलणारी. कमी बोलणारं माणूस काहीतरी लपवतं, हा चंपतरावांचा दुकानदारी हिशेब. एका सकाळी त्यांनी आंबिलीच्या मडक्यावरचं झाकण उचललं. ज्वारीचं पीठ शिजवून, थंड करून, त्यात ताक घालून ती रात्रभर झाकून ठेवतात. वर बुडबुडे आले होते आणि आंबूस वास सुटला होता.

"हे काऊन उकळून राह्यलं? चूल तं थंडी हाय!" ते ओरडले.

"आंबलं हाय मामाजी," हर्षाली म्हणाली.

"इतकी वर्सं माह्याच हातचं पेत होते," प्रयागबाई बाजेवरून म्हणाल्या. "तवा बुडबुडे नाय दिसले तुमाले?"

खरं म्हणजे नव्हतेच दिसले. जन्मात त्यांनी कधी त्या मडक्यात डोकावलं नव्हतं.

त्या दिवसापासून नवा कायदा निघाला. ताट पुढे आलं की चंपतराव ते सुनेकडे सरकवत आणि म्हणत, "आधी तू खा." शेजारीण बसलेली असो की गिऱ्हाईक दारात उभं असो. हर्षाली उभ्यानं एक घास खाई आणि आत जाई. नवरा सुरेंद्र टेम्पोवर गेलेला असे. एकदा त्याच्या देखत हे झालं तेव्हा तो बापावर असा तापला की ताट तसंच राहिलं. मला विचाराल तर त्यानं आणखी तापायला हवं होतं.

तिनं घास खाऊनही पोट सुधारेना. चंपतरावांनी घरचं जेवणच सोडलं आणि दुकानातला सीलबंद माल सुरू केला. सकाळी टोस्ट, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी पाकिटातल्या शेवया. पोट आणखी बिघडलं. सुनेनं घातलेलं आत खोल मुरलंय, याचा त्यांना पुरावाच मिळाला.

दिवाळीचा फराळ घेऊन व्याही रामाजी आले. त्यांनी पाण्याचा पेला खालीही ठेवला नव्हता, तोच चंपतराव म्हणाले, "तुमची पोरगी माह्या जेवनात काहीतरी टाकते."

रामाजींनी पेला खाली ठेवला. लेकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. "बाजाराच्या दिशी येतो," ते म्हणाले. "माही पोरगी घेऊन जातो. तुमचं पोट तुमच्यापाशी ठेवा."

असा डाग घेऊन सून गेली तर परत येणार नव्हती, आणि सुरेंद्रही मग या घरात किती राहिला असता? तो बापाला एवढंच म्हणाला, "दवाखान्यात चला. तिच्या हातचं घेऊन चला. काय निंगते ते डॉक्टरसमोर निंगू द्या."

चंपतरावांना हेच हवं होतं. त्यांनी आंबील डब्यात भरली, झाकणाला स्वतः चिकटपट्टी लावली आणि आदिलाबादला जाईपर्यंत डबा मांडीवरून हलू दिला नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला. "छान आंबलीय," त्या म्हणाल्या. "हिच्यात काही नाही. याशिवाय पोटात काय जातं तुमच्या?"

"घरचं काहीच नाय. दुकानातली बिस्किटं, अन् ही गोळी तेवढी." त्यांनी मोठ्या अभिमानानं सदऱ्याच्या खिशातून लाल-पिवळ्या कॅप्सूलची पट्टी काढली. दाढेच्या वेळी मिळालेली. संपली की ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून तीच आणायचे. "पोट गुरगुरलं का एक टाकतो. सीलबंद हाय."

बाईंनी पट्टी उलटी करून औषधाचं नाव वाचलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि त्यातले पुष्कळ आपल्या कामाचे असतात. ते अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. ही कॅप्सूल दाढेतले जंतू मारायला दिली होती, पण तिला आपला-परका कळत नाही. विनाकारण घेत राहिलात, आतली वस्ती उजाड केलीत. वर मैद्याची बिस्किटं. पोटाचं आणि डोक्याचं एकमेकांशी बोलणं चालू असतं, तेव्हा पोट असं बिघडलं की मनही उतरू शकतं. सगळं त्यामुळेच असेल असं नाही, त्याचा अभ्यास अजून चाललाय. गोळ्या बंद करा, घरचं जेवा, भाकरी खा, ताक-आंबील घ्या. तरीही रडू येत राहिलं तर लाजू नका, पुन्हा या.

चंपतरावांनी डोळे बारीक केले. "बाई, तुमचं माहेर किनवटकडचं तं नाय?"

"वरंगलचं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसमध्ये सुरेंद्र शेजारी बसला होता. चंपतरावांनी पट्टी काढून पुन्हा पुन्हा पाहिली. एवढे महिने ज्या हाताचा शोध चालला होता, तो त्यांच्याच खिशात जात-येत होता. त्यांना लाज वाटली, आणि ती कोणाच्या अंगावर ढकलता येईना.

घरी हर्षालीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ते हात धुऊन पाटावर बसले. "वाढ वं पोरी."

"मी नाय वाढत मामाजी," ती शांतपणे म्हणाली. "उद्या पोट गुरगुरलं तं कोनाचं नाव घ्याल? तुमीच करा, तुमीच खा."

प्रयागबाई तोंडाला पदर लावून हसल्या, मग बाजेवरून हुकूम सोडू लागल्या. चंपतरावांनी पीठ कालवलं, गुठळ्या केल्या, हात भाजून घेतला. थंड झाल्यावर ताक ओतलं आणि मडकं झाकलं. हर्षाली दारात उभी राहून बघत होती. मदतीला मात्र आली नाही.

सकाळी बाजाराच्या गर्दीतून रामाजी आले आणि बॅग उचलायला वाकले. "जरा थांबा," चंपतराव म्हणाले. झाकण काढलं. आंबिलीवर बुडबुडे होते. त्यांनी वाटी भरली आणि दोन्ही हातांनी सुनेपुढे धरली. "माही चूक झाली वं पोरी. घे. माह्या हातची हाय."

हर्षालीनं वाटीत पाहिलं. वास घेतला. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"आधी तुमी प्या," ती म्हणाली.

दारात शेजारीण उभी होती, व्याही उभा होता, मुलगा उभा होता. चंपतरावांचे कान तापले. नजर कुठं ठेवावी कळेना. हर्षाली रोज, दोन्ही वेळा, अशीच उभी राहत होती.

त्यांनी उभ्यानंच वाटी तोंडाला लावली आणि गुठळ्यांसकट संपवली. वाटी रिकामी होईपर्यंत हर्षाली बघत राहिली. मग आत जाऊन आपली वाटी घेऊन आली.