पडलं तरी फुटणार नाही

मोबाईलच्या दुकानात माझ्या पुढे एक गृहस्थ टॅबसाठी कव्हर निवडत होते. प्रत्येक कव्हरचे कोपरे अंगठ्याने दाबून बघायचे आणि नाक मुरडून बाजूला सारायचे. त्यांचे म्हातारे वडील अर्धा तास दाराशी उभे होते. दुकानात एक स्टूल होतं. त्यावर टॅबचा रिकामा खोका ठेवला होता.

अखेर जाड रबराचं कव्हर पसंत पडलं. "बाबा, नीट धरा," म्हणत त्यांनी टॅब वडिलांच्या हातात दिला. बाहेर पडताना बाबांची पायरी चुकली. टॅब पोटाशी घट्ट धरून ते कोपरावर आपटले.

मुलाने आधी टॅब काढून घेतला, उलटसुलट पाहिला. "ओरखडासुद्धा नाही! कव्हर भारी आहे हो."

"फुटला नाही ना रे?" बाबांनी खालूनच विचारलं.

टॅब जमिनीला टेकलाच नव्हता. मी पाहिलं होतं. जी वस्तू दोन-तीन वर्षांत भंगारात जायची, तिच्यासाठी केवढी पारख! आणि माणूस जुना झाला की त्याला आपण सामान धरायला सोबत नेतो. तिथल्या तिथे मला हे सगळं सुचलं, मी हळहळलोही.

मग काउंटरकडे वळून म्हटलं, "मलाही तेच द्या."