लंगड्या मामाचा खून

अन्याय झाला तो आमच्या अण्णांवर. चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात, एका सोमवारी, पहिल्या पाळीत, चहाची सुट्टी व्हायच्या जरा आधी. त्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी त्यांच्या समोरच्या मागावर होतो, म्हणून हे ऐकीव नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कानांचा तिथं तसाही उपयोग नसतो.

ज्यांनी सोलापूरची चादर फक्त पांघरली आहे त्यांना हे समजावून सांगायला हवं. माग धडधडायला लागले की शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून आमचं सगळं बोलणं हातांचं. कांडीवरचं सूत संपलं, मुकादम येतोय, पोराचा ताप उतरला का, सगळं हातानं. अण्णा या हातांच्या बोलीत कादंबऱ्या सांगत.

सकाळी फाटकातच ते दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडून भुवया उडवायचे. म्हणजे, सध्या काय वाचतोयस? 'काही नाही' अशी मान हलवली की तळवे फटकन मिटायचे आणि दिवसभर तुमच्याकडं बघायचंसुद्धा नाही. या धाकानं निम्मं खातं वाचायला लागलं. एक जण तर औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद वाचून आला.

"ह्ये चालंल का अण्णा?"

"त्यात कोण मरतंय का?"

"न्हाय."

"मग औषध चांगलं हाय. गोष्ट न्हाय."

ते स्वतः संध्याकाळी एक प्रकरण वाचायचे आणि सकाळी कांड्या बदलता बदलता आम्हाला सांगायचे. नाकाशी बोटांचा झुबका नेला की नथवाली आली. पाय ओढत चालले की तिचा मामा. माणसांची नावं हातांनी कशी सांगणार? त्यामुळं आमच्या कादंबऱ्यांत कुणालाच नाव नसायचं. पुस्तकालाही नसायचं.

त्या सोमवारी मामाचा खून होता.

आता आमचे मालक पायानं अधू. तेही पाय ओढतच चालायचे. नेमके तेव्हाच ते दारात येऊन उभे राहिले. त्यांना काय दिसलं? अण्णा दोन मागांच्या मधून लंगडत आले, स्वतःचा गळा स्वतःच आवळला, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले. आणि सगळं खातं टाळ्या वाजवत होतं.

चहाच्या आत अण्णा फाटकाबाहेर. आरोप, मालकाच्या खुनाची चिथावणी.

मी युनियनचा, त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'हातांवर बंदी! रक्तपिपासू मालकशाहीचा नवा डाव!' शाई वाळायच्या आत अण्णांच्या घरी नेलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"झ्याक हाय. पण वाईट माणूस कोण ते पैल्याच ओळीत सांगून टाकलास की. आता पुढं कोण वाचंल?"

"अण्णा, तुमची नोकरी गेलीय!"

"व्हय. आन् तिकडं नथवालीला अजून म्हाईतच न्हाय मामा गेला त्ये. तिला कोण सांगणार?"

खात्याचंही हेच म्हणणं. बोनसच्या सभेला चार माणसं जमवताना माझा घसा बसायचा. 'गोष्ट पुरी झाली पाहिजे' या मागणीला सगळं खातं ऑफिससमोर येऊन बसलं. मालकांना अण्णांना आत बोलवावंच लागलं. सोबत मी.

मालकांच्या घरी कानडी, कारखान्यात मराठी. मराठीत गरजले, "मला माराय शिकवत होतास व्हय लोकांना?"

"न्हाय मालक. कादंबरीतला मामा हाय त्यो."

"त्यो लंगडा मी न्हाय?"

"तुमी कसं असाल? त्यो लई देणारा माणूस. म्हणून तर मारला त्याला."

मी खाली बघितलं. मालकांनी हातातली काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाले, "दाखव."

अण्णांनी दाखवलं. खून झाला. नथवाली दाराशी आली, तिनं कडीला हात घातला, आणि अण्णा थांबले.

"मुंद एनातु?" मालक खुर्चीच्या कडेवर आले होते. पुढं काय झालं, हे मराठीत विचारायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

अण्णांनी तळवे मिटले. "पुढलं उद्या. खात्यात. माग चालू असताना."

दुसऱ्या दिवशी अण्णा मागावर होते आणि मालक दारात. तपासणीला आलोय म्हणे. मग रोजच तपासणी. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. त्यावर मी दुसरं पत्रक काढलं. अण्णांनी त्याचे कागद पुस्तकात खुणेला घातले.

एका शनिवारी नथवाली विहिरीच्या काठावर उभी होती. मागून तिच्या खांद्यावर एक हात पडला. कुणाचा? आम्ही हातवारे करून विचारत राहिलो. अण्णांनी हसून बोट पुढं फिरवलं. सोमवारी.

रविवारी छातीत कळ आली आणि अण्णा गेले.

सोमवारी मालक नेहमीसारखे दारात आले. अण्णांचा माग बंद होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काठी काखेत धरली आणि तळवे हळूच उघडले. मी 'माहीत नाही' अशी मान हलवली.

दिवस झाल्यावर मी अण्णांच्या घरी गेलो. अण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो.

"अक्का, त्ये पुस्तक?"

"ज्याचं हुतं त्यो येऊन घेऊन गेला की. कोन त्यो, मला नाय म्हाईत. तुजे कागद तेवढे ऱ्हायलेत. नेतोस?"

तेव्हा वाचकहो, ही विनंती नाही, मागणी आहे. सध्या जे वाचताय ते उघडा. त्यात नथवाली असेल, देणारा लंगडा मामा असेल, विहीर असेल, तर पहिल्या पाळीत, माग चालू असताना, आमच्या खात्याच्या दाराशी या. नाव सांगू नका, आम्हाला ऐकू येणार नाही. तळवे उघडून उभे राहा. सगळं खातं वाट बघतंय. तो हात कुणाचा होता, ते आम्हाला दाखवा.